शेवटचा न्याय, ६६६ आणि आमच्या मामांची तारीख

नेवाशाचा_नातू

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामा वर्षातून दोन-तीनदा जग बुडवतात. कधी ग्रहणाचं निमित्त, कधी इस्राएलमधल्या बातमीचं, कधी आधार कार्डाचं. २०२५ च्या सप्टेंबरात तर थेट तारीखच आली होती: प्रभू येणार आणि विश्वासणारे ढगांत उचलले जाणार. तो दिवस आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचं नेहमीचं गुलाबाचं फूल ग्रुपवर पडलं आणि ते कांद्याला पाणी द्यायला गेले.

मामांची थट्टा करायला धागा काढलेला नाही. मंडळीत (चर्चमध्ये) कुणाचं मयत झालं तर खड्डा खणायला पहिला टिकाव मामांचा असतो. पण त्या तारखेच्या धसक्याने माझी नववीतली भाची दोन रात्री झोपली नाही. "मी एकटीच मागे राहिले तर?" तिला काहीतरी सांगता यावं म्हणून मी प्रकटीकरणाचं पुस्तक, म्हणजे बायबलमधलं शेवटचं, आयुष्यात पहिल्यांदा एका बैठकीत वाचून काढलं. बावीस अध्याय, मोठ्याने वाचलं तर दीडेक तास. आणि ते मोठ्यानेच वाचायचं आहे. सुरुवातीलाच 'वाचून दाखवणारा' एकवचनी आणि 'ऐकणारे' अनेकवचनी असा उल्लेख येतो आणि दोघांनाही धन्य म्हटलंय. आपल्याकडे पोथी लावतात तसं.

आपण हे पुस्तक पंचांगासारखं उघडतो. पण ते पत्र आहे, त्यावर पत्ता आहे. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिमेकडची ही सात गावं. नकाशावर बोट फिरवा, पत्र घेऊन निघालेला जासूद नेमकी याच क्रमाने फेरी मारेल. लिहिणारा योहान पात्म नावाच्या छोट्या बेटावर अडकलेला. बहुतेक अभ्यासक काळ धरतात तो सम्राट दोमितियनच्या अखेरचा, म्हणजे इ.स. ९५ च्या आसपासचा. काही जण थोडं मागे, सम्राट नीरोनंतरच्या धामधुमीत जातात. त्या गावांमध्ये सम्राटाची देवळं होती आणि सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळणं हे तेव्हाचं चांगल्या नागरिकाचं लक्षण. थोड्याच वर्षांनी, इ.स. ११२ च्या सुमारास, जवळच्याच बिथुनिया प्रांताचा राज्यपाल प्लिनी सम्राट त्रायानला पत्राने कळवतो की ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांपुढे मी तुमची मूर्ती ठेवतो, धूप आणि द्राक्षारस वाहायला लावतो. जे वाहतात त्यांना सोडतो, जे हट्ट धरतात त्यांना मारायला पाठवतो.

आता ६६६. तिथे स्पष्ट म्हटलंय की ज्याला बुद्धी आहे त्याने श्वापदाचा (देवाविरुद्ध उठणाऱ्या राक्षसी प्राण्याचा) आकडा मोजावा. म्हणजे ऐकणाऱ्यांना तो मोजता येणार होता! आपल्यातले काही जण ६६६ म्हणजे बारकोड म्हणतात, पण दोन हजार वर्षांनी येणाऱ्या बारकोडबद्दल लावदिकीयाच्या विणकराला कोडं घालून काय उपयोग? तेव्हा आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरांनाच किंमत असे. आपल्या कटपयादीची (अक्षरांनी आकडे लिहायच्या जुन्या पद्धतीची) भावंडंच म्हणा. पोंपेईच्या एका भिंतीवर कुणा प्रेमवीराने खरडून ठेवलंय की जिचा आकडा ५४५ तिच्यावर माझं प्रेम आहे. आता 'नेरोन केसर' (सम्राट नीरो) हे नाव हिब्रू अक्षरांत लिहा: ५० + २०० + ६ + ५०, मग १०० + ६० + २००. बेरीज करून बघा. आणि काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे. लॅटिन वळणाने 'नेरो' म्हटलं की शेवटचा न, म्हणजे ५०, गळतो. दोन्ही आकड्यांचा हिशोब एकाच नावाने लागतो, हे मला बारकोडपेक्षा पटतं.

पण मला खरं अडकवलं ते अठराव्या अध्यायाने. 'मोठी बाबेल' पडते. (सात टेकड्यांवर बसलेली बाई म्हणजे रोम, हे तेव्हाच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.) ती पडल्यावर तीन जण रडतात: राजे, व्यापारी आणि जहाजवाले. व्यापारी रडतात कारण माल घ्यायला कुणी उरलं नाही. मग मालाची यादी येते. सोनं, चांदी, रत्नं, मोती, तलम कापड, जांभळं कापड, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप, तेल, सपीठ, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ... अठ्ठावीस जिन्नस मोजले मी. शेवटचा जिन्नस: माणसांची शरीरं, माणसांचे जीव. गुलाम. मेंढरांच्या आणि घोड्यांच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी.

म्हणून माझा प्रश्न असा. इतकी वर्षं आपण 'न्यायाचा दिवस' ऐकतो तेव्हा आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतो, भाचीसारखे. हे पत्र ज्यांच्यासाठी होतं ते पिंजऱ्यात उभे होते की फिर्याद घेऊन आले होते? सहाव्या अध्यायात वेदीखालचे मारले गेलेले लोक ओरडतात, "प्रभो, कुठवर?" तारीख विचारतायत तेही, पण मामा विचारतात तशी नाही.

जाणकारांनी भर घालावी. भांडायला हरकत नाही, धर्म बदलायला-बदलवायला येऊ नये.

कल्याण_लोकल

वाचतोय. यादीवरून एक आपल्या अंगणातलं. त्याच शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' लिहिलंय, तांबड्या समुद्रापासून इकडच्या बंदरांची माहिती देणारं. त्यात भडोच आहे, सोपारा आहे, पैठण आणि तेर आहेत, आणि आमचं कल्याणही आहे 'कल्लियेना' नावाने. तिथे तक्रार अशी की पूर्वी इथे रीतसर बाजार होता, आता ग्रीक जहाज चुकून आलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे कल्याणला उतरायचं आणि भलतीकडे पोचायचं, ही परंपरा जुनी आहे!

भडोचहून जाणाऱ्या मालात हस्तिदंत, रेशमी कापड, सुती कापड, पिंपळी. पैठणहून अकीक बैलगाड्यांनी भडोचला वीस दिवसांत यायचे. तुमच्या योहानाच्या यादीतला बराच माल याच वाटेने रोमला गेलेला असणार. थोरल्या प्लिनीने (तुमच्या प्लिनीचा मामा) रडगाणं गायलंय की हिंदुस्थान दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) गिळतो. रोममधला श्रीमंत पैसे जातात म्हणून रडतोय आणि पात्मवरचा कैदी त्याच मालाच्या यादीत शेवटी माणसं मोजतोय. जोडी जमते.

द्राक्षबाग_निफाड

+१ कल्याणकर.

सहाव्या अध्यायातल्या काळ्या घोड्याबद्दल कुणी लिहिलं नाही. स्वाराच्या हातात तागडी असते आणि भाव पुकारला जातो: दिवसाच्या मजुरीत एका माणसापुरता गहू, किंवा तिप्पट जव. तेल आणि द्राक्षारसाला मात्र धक्का लावू नका. मी शेतकरी, मला ही ओळ कुणी समजावून सांगावी लागली नाही. मजुराला भाकरी परवडत नाही तेव्हाही बड्यांच्या टेबलावरची बाटली शाबूत असते.

दोमितियनने इ.स. ९२ च्या सुमारास फर्मान काढलं होतं की प्रांतांतले निम्मे द्राक्षमळे तोडा, धान्य कमी पडतंय. आशियातल्या बागायतदारांनी आरडाओरडा केला आणि फर्मान बारगळलं. काही अभ्यासक ही ओळ त्याच्याशी जोडतात. खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही, पण द्राक्षवाल्यांची लॉबी तेव्हाही होती हे वाचून मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

नास्तिक_नाना

धागा चांगला आहे, पण गुलाबी चष्म्यातून लिहिलाय. चौदाव्या अध्यायात द्राक्षकुंडातून रक्त वाहतं, घोड्यांच्या लगामापर्यंत, आणि सोळाशे स्टेडिया लांब. म्हणजे तीनशे किलोमीटरच्या घरात. मुंबईपासून कराडपर्यंत रक्ताचा पाट. ही फिर्याद नाही, हा सूड आहे. शिवाय अग्नीचं सरोवर. पीडिताने सुडाची स्वप्नं बघणं मी समजू शकतो. पण त्याला पवित्र ग्रंथात घालून पुढच्या दोन हजार वर्षांच्या भाच्यांना घाबरवायचं, हे कसं समर्थनीय?

नेवाशाचा_नातू

नाना, तो अध्याय मलाही गिळता येत नाही. आणि मी एकटा नाही. प्रोटेस्टंट सुधारक लूथरने १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत लिहिलं की या पुस्तकाशी माझं मन जुळत नाही. नंतर त्याने सूर मवाळ केला, ती गोष्ट वेगळी. दुसरा सुधारक कॅल्विन, त्याने नव्या कराराच्या बहुतेक पुस्तकांवर भाष्य लिहिलं, यावर नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत हे पुस्तक शास्त्रात आहे, पण उपासनेत वाचत नाहीत.

तरी एक दाखवतो. पाचव्या अध्यायात योहानाला सांगतात, "बघ, यहूदाचा सिंह जिंकला." तो वळून बघतो तर सिंह नाहीच, वधलेला कोकरा उभा आहे. (दोन्ही ख्रिस्तच.) ऐकलं एक, दिसलं दुसरं. पुढे एकोणिसाव्यात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार, तोही ख्रिस्तच, लढाईला येतो, तर त्याचा झगा लढाई सुरू व्हायच्या आधीच रक्ताने भिजलेला आहे आणि तलवार हातात नसून तोंडातून निघते. काही भाष्यकार म्हणतात की ते रक्त त्याचं स्वतःचं. सगळ्यांना हे मान्य नाही; यशयाच्या त्रेसष्टाव्या अध्यायात अशाच झग्यावर शत्रूंचं रक्त आहे आणि प्रतिमा तिथूनच आली आहे. मी पहिल्या बाजूचा आहे, पण चौदावा अध्याय त्याने पुसला जात नाही, हे कबूल.

नास्तिक_नाना

कबुलीबद्दल आभार. इथे कुणी कबूल करत नाही सहसा.

मारानाथा_२२

जय ख्रिस्त. मी त्या लोकांपैकी आहे ज्यांची इथे थट्टा चाललीय.

प्रभूचं येणं खरं आहे, अक्षरशः खरं. तुम्ही ६६६ नीरोवर ढकललात, बाबेल रोमवर ढकललीत. मग विसाव्या अध्यायातलं मोठं पांढरं सिंहासन, उघडलेली पुस्तकं, उभे राहिलेले मृत, तेही पहिल्या शतकातच उरकलं का? नीरो मेला, रोम पडलं. मृत्यू अजून आहे. आणि पौलाने थेस्सलनीकाकरांना स्वच्छ लिहिलंय (पहिलं पत्र, ४:१७) की जिवंत उरलेले आपण प्रभूला भेटायला ढगांत उचलले जाऊ. तारखा काढणारे चुकतात, मान्य. त्या दिवसाबद्दल आणि घटकेबद्दल पुत्रालाही ठाऊक नाही, हे मत्तय २४:३६ त्यांनीच वाचलेलं नसतं. पण तारीख चुकली म्हणून पाहुणा येणारच नाही असं होत नाही.

नेवाशाचा_नातू

जय ख्रिस्त. तुमचा पहिला मुद्दा बिनतोड आहे आणि मी त्यावर पांघरूण घातलं होतं. विसावा ते बावीसावा अध्याय नीरोत मावत नाहीत. मलाही ते मावायला नको आहेत.

थेस्सलनीकाच्या ओवीबद्दल मात्र एक. 'भेटायला' यासाठी जो ग्रीक शब्द आहे, 'अपांतेसिस', तो नव्या करारात आणखी दोन ठिकाणी येतो. प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये रोमचे बंधू पौलाला भेटायला गावाबाहेर अप्पियाच्या पेठेपर्यंत येतात. आणि मत्तय २५ मध्ये दहा कुमारी नवऱ्या मुलाला भेटायला निघतात. दोन्हीकडे माणसं सामोरी जातात, पण पाहुण्यासोबत परगावी निघून जात नाहीत; त्याला घेऊन आपल्याच गावात परत येतात. आपल्याकडे वेगळं काय असतं? वेशीवर सीमांतपूजन करायचं आणि वाजत-गाजत नवरा मुलगा मांडवात आणायचा. वेशीवर गेलेले वऱ्हाडी तिथूनच पळून गेले तर लग्न कुणाचं लावणार?

प्रभूच्या येण्याआधी मंडळी गुपचूप उचलली जाणार आणि मागे राहिलेल्यांवर सात वर्षांचं संकट, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने रुजवली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांमधून ती जगभर गेली. भाचीला मी हेच सांगितलं: तुला कुणी मागे टाकून जाणार नाहीये, आपल्याला वेशीवर जायचंय.

मारानाथा_२२

सीमांतपूजन आवडलं. पटलं नाही, पण आमच्या बायबल अभ्यासात सांगेन. 'ख्रिस्तविरोधी' हा शब्द प्रकटीकरणात एकदाही नाही, फक्त योहानाच्या पत्रांत आहे, हे आमच्या लोकांना सांगितलं तेव्हा अर्धे लोक चिडले होते. आता हे सांगून बघतो.

औंधकर_जुना

तारखांचा विषय निघालाच आहे तर विल्यम मिलरशिवाय पुरा होणार नाही. न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, पुढे बॅप्टिस्ट उपदेशक. दानीएल ८:१४ मध्ये 'दोन हजार तीनशे संध्याकाळ-सकाळी' आहेत. त्याने एका दिवसाचं एक वर्ष धरलं, इ.स.पू. ४५७ पासून मोजलं आणि १८४३ वर आला. मग लक्षात आलं की इसवी सनात शून्य वर्ष नसतं, म्हणून १८४४. अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर ही तारीख धरली. कित्येकांनी उभी पिकं काढली नाहीत. दिवस उजाडला, मावळला, काहीच झालं नाही. इतिहासात त्याला 'महानिराशा' असंच नाव आहे.

पण विस्कटलेल्या त्या लोकांतल्या काहींनी पुन्हा मोट बांधली आणि १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. औंधच्या स्पायसरसमोरून रोज स्कूटर नेणाऱ्या किती पुणेकरांना ठाऊक असेल की त्या कुंपणामागची संस्था या मंडळीची आहे? तेव्हापासून ते तारीख देत नाहीत. शाळा आणि दवाखाने काढतात.

उलट उदाहरण अमेरिकी रेडिओ उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंगचं. १९९४ चुकलं, मग २१ मे २०११ चुकलं, मग त्याच वर्षीचा २१ ऑक्टोबर. शेवटी त्याने तारीख काढणं चूक होतं असं कबूल केलं.

कट्ट्यावरचा_काळू

कल्की अवतार पण असाच पांढऱ्या घोड्यावरून येणार ना? आणि पुस्तकं उघडून कर्म बघणं म्हणजे चित्रगुप्तच. सगळे धर्म एकच सांगतात.

नेवाशाचा_नातू

घोडा सारखा आहे, वाट वेगळी. कलियुग संपलं की पुन्हा सत्ययुग; रहाट फिरत राहतो. इथे रहाट नाही, एकदाच आणि कायमचं. म्हणून तर लोक इतके घाबरतात. चित्रगुप्ताचं मात्र मान्य. विसाव्या अध्यायात न्याय कृत्यांप्रमाणे होतो, आणि 'फक्त विश्वासाने तारण' म्हणणाऱ्या आम्हा प्रोटेस्टंटांना तिथे जरा खाकरावं लागतं. पण कृत्यांच्या पुस्तकांशेजारी आणखी एक पुस्तक उघडतं, जीवनाचं. त्यात फक्त नावं असतात.

बर्लिनकर

मी पर्गम आणि लावदिकीया दोन्ही पाहिलंय, म्हणून थोडं. पर्गमच्या पत्रात "जिथे सैतानाचं आसन आहे" असं येतं. काही जण म्हणतात ती झ्यूसची भलीमोठी वेदी, काही म्हणतात इ.स.पू. २९ मध्ये परवानगी मिळालेलं ऑगस्टस आणि रोमा देवीचं देऊळ. वेदी आमच्या बर्लिनमध्ये उचलून आणली. तिचं दालन २०१४ पासून दुरुस्तीसाठी बंद. पर्गमच्या टेकडीवर तिच्या जागी आता पायऱ्यांचा चौथरा आणि दोन झाडं उरलीत. सैतानाचं आसन दुरुस्तीला टाकलंय असं मी मित्रांना सांगतो.

पण धाग्याच्या मुद्द्याला माझी थोडी हरकत आहे. वाचक फक्त फिर्यादी आहे हे खरं नाही. न्याय आधी मंडळ्यांपासूनच सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायात. लावदिकीयाला झापलंय बघा: तू ऊनही नाहीस, थंडही नाहीस, कोमट आहेस, मी तुला ओकून टाकणार. तिथे उभं राहिलं की समोर पामुक्कलेचे पांढरे कडे दिसतात, गरम झऱ्यांचे. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथलं पाणी गार. लावदिकीयात मात्र पाणी नळांतून आणलेलं. खापराचे ते नळ अजून पडलेत, आतून चुन्याने बुजलेले. गाव गर्भश्रीमंत. इ.स. ६० च्या भूकंपात कोसळलं तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवलंय. "मी धनवान आहे, मला काही कमी नाही" हे वाक्य योहान त्यांच्याच तोंडी घालतो. बाबेलच्या बाजारात यांचीही दुकानं होती. पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनी खाली बघितलं असणार.

नेवाशाचा_नातू

बर्लिनकर, हे मी सोयीस्करपणे वगळलं होतं. दुरुस्ती मान्य. (माझी.)

तालुका_कोर्ट

वकील आहे, म्हणून 'फिर्यादी की आरोपी' वर लिहितो. लूक १८ मधली विधवा आठवा. न्यायाधीश असा की देवाला भीत नाही, माणसाला मोजत नाही. ती येते, पुन्हा येते, "माझा न्याय कर." शेवटी तो कंटाळतो आणि निकाल देतो. गोष्ट प्रार्थनेची म्हणून शिकवतात, पण तिचा शेवट बघा: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? म्हणजे गोष्ट शेवटच्या दिवसाचीच आहे.

माझ्याकडे एक बाई येते. नवऱ्याच्या मागे दिरांनी सातबाऱ्यावरून तिचं नाव उडवलं. अकरा वर्षं तारखा चालू आहेत. दर तारखेला ती एसटीने येते, बाकावर डबा खाते, पुढची तारीख पदराच्या गाठीतल्या चिठ्ठीवर लिहून घेते. तिला 'निकालाचा दिवस' म्हटलं तर ती घाबरेल का हो? स्तोत्र ९६ मध्ये देव न्याय करायला येतोय म्हणून रानातली झाडं आनंदाने गातात. ते मला त्या बाकाकडे बघून कळलं. दीर मात्र तारखेला हटकून आजारी पडतात.

आणि उतावळ्या फिर्यादींसाठी आमोस ५:१८ आहे: परमेश्वराच्या दिवसाची आस धरणाऱ्यांनो, तो दिवस तुम्हांला हवाच कशाला? तो अंधार आहे. सिंहापासून पळाला आणि अस्वलाने गाठला अशी गत होईल. फिर्याद दाखल करताना आपल्या नावावरचे दावे तपासून घ्यावेत, हे मी अशिलांनाही सांगतो.

नास्तिक_नाना

वकीलसाहेब, दंडवत. तरी नरकाचा प्रश्न राहतोच. येशू ज्याला 'गेहेन्ना' म्हणतो ती जेरुसलेमबाहेरची कचरा जाळायची दरी होती ना?

तालुका_कोर्ट

हिन्नोमची दरी खरी. कचऱ्याची गोष्ट सगळे सांगतात, पण तिचा पहिला लेखी आधार १२०० च्या सुमाराच्या एका यहुदी भाष्यकाराचा आहे, येशूनंतर हजारेक वर्षांनी. यिर्मया सांगतो ते जास्त भयंकर आहे: तिथे लोकांनी आपली पोरं आगीत बळी दिली. शिक्षा अनंत की नाश अंतिम की शेवटी सगळेच सुटणार, यावर ख्रिस्ती लोक धर्मपंडित ओरिगेनच्या काळापासून, म्हणजे तिसऱ्या शतकापासून भांडतायत. इथे मिटणार नाही.

पाचूबंदर

उशिरा आले, सगळा धागा वाचला. आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे तारखांचा ज्वर कमी. पृथ्वीवर ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचे हिशोब ख्रिस्तसभा मानत नाही, धर्मशिक्षणाच्या पुस्तकात तसं लिहिलंच आहे. पण दर नोव्हेंबरात मिस्सात जगाच्या अंताचीच वाचनं येतात. दोन तारखेला मृतांचा दिवस, स्मशानात मेणबत्त्या, आणि महिनाअखेर ख्रिस्तराजाचा सण. दर तीन वर्षांनी त्या सणाला मत्तय २५ येतं: मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. लहानपणी मी आईला विचारलं होतं, शेरडांनी काय घोडं मारलंय? फादरांनी सांगितलं, शेरडांचा दोष नाही गं, प्रश्न काय विचारलेत ते बघ. भुकेल्याला जेवू घातलंस का, तुरुंगातल्याला भेटलीस का. गंमत म्हणजे उजवीकडचेही म्हणतात, आम्ही कधी केलं? कुणालाच माहीत नसतं.

मला लिहायचं होतं ते समुद्राबद्दल. एकविसाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि "समुद्र राहिला नाही". आम्ही कोळी. शाळेत असताना मी हे वाचून फार चिडले होते. समुद्र नसलेल्या स्वर्गात जाऊन करायचं काय? बोंबील नाही, नारळी पुनवेचा नारळ नाही, बाबांची होडी नाही. मोठी झाल्यावर कळलं की त्या लोकांसाठी समुद्र म्हणजे भीती. श्वापद समुद्रातूनच वर येतं. आणि पात्मवरच्या कैद्याला चारी बाजूंनी तोच दिसत असणार, आपल्या माणसांपासून तोडणारा.

पण आजीला असलं काही सांगावं लागलं नाही. आजीचा धाकटा भाऊ एका तुफानात गेला, त्याची कबर नाही. मृतांच्या दिवशी सगळे आपापल्या कबरीवर मेणबत्ती लावतात, आजी किनाऱ्यावर जाऊन वाळूत लावायची. वारा ती विझवायचा, आजी पुन्हा लावायची. तिला वाचता येत नव्हतं. एकदा मी तणतणत तिला ती समुद्राची ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, त्याच्या आधीचं वाच. आधी, म्हणजे २०:१३ मध्ये आहे: समुद्राने आपल्यातले मेलेले परत दिले. ते ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "बरोबर लिवलंय. आधी माझा भाऊ परत देऊ दे त्याला, मग आटू दे." आणि वाळत घातलेले बोंबील उलटायला गेली.